सहावी काच

विभागाच्या इमारतीत शिरलं की समोरच्या भिंतीवर एक आलेख दिसतो. काळ्या दगडावर पांढरी रेघ आणि पितळेचे सहा ठिपके. पाच ठिपके शहाण्या मुलांसारखे रेघेवर बसले आहेत. सहावा रेघेपासून हातभर वर, एकटाच चमकतो. शिपाई रोज सकाळी त्यालाच आधी पुसतो, कारण येणारा-जाणारा बघतो तो त्याच्याकडेच. हा सहावा ठिपका म्हणजे सर. सरांनी दुसरं काही केलं नव्हतं असं नाही, पण पितळेचं एवढंच झालं होतं.

सरांचा विषय उष्णता. दोन काचा समोरासमोर धरायच्या, एक तापलेली आणि एक गार. मधे हवासुद्धा नाही. तरी गरम काच गार काचेला उष्णता देतेच. काचा जवळ आणल्या तर फार काही बिघडत नाही. पण अगदीच जवळ आणल्या, म्हणजे माणसाच्या केसाचे उभे हजार काप करावेत आणि त्यातला एखादा काप मधे मावेल इतक्याच अंतरावर, तर उष्णता लोंढ्याने पलीकडे जायला लागते. किती जाईल याचं एक जुनं सूत्र आहे. जगातल्या सगळ्या काचा त्या सूत्राप्रमाणे वागतात. सहा वर्षांपूर्वी सरांची सहावी काच वागली नाही. तिच्यातून सूत्रापेक्षा चौपट उष्णता गेली.

चौपट म्हणजे काही थट्टा नव्हे. पलीकडच्या काचेच्या जागी उष्णतेची वीज करणारी चकती बसवली, की भट्ट्यांची, धुरांड्यांची, इंजिनांची फुकट जाणारी ऊब दिवे लावायच्या कामी यावी, आणि तीही चौपट. सरांनी नवं सूत्र मांडलं. सूत्राला सरांचं नाव पडलं. नऊ देशांत भाषणं झाली, एक शाल आणि तीन घड्याळं मिळाली. कोपऱ्यावरचा बेकरीवाला तेव्हापासून दर महिन्याला विचारतो, की सर, माझ्या भट्टीवर दुकानाचा पंखा कधी फिरणार? सर सांगतात, "आता फार दिवस नाहीत."

एकच बारीकशी अडचण होती. तो आकडा पुन्हा कुणालाही आला नाही.

परक्या प्रयोगशाळांना आला नाही, याचं सरांना काही वाटलं नाही. "त्यांचं काम भरड," ते म्हणत. पण घरच्या प्रयोगशाळेतही तो येईना, आणि तिथे एका वेळी तिघे विद्यार्थी त्याच्या मागे होते. पहिल्या विद्यार्थ्याने दोन वर्षं घासली आणि बँकेत लागला. दुसऱ्याने दीड वर्षात लग्न केलं आणि सोडून जायला कारण तेच सांगितलं. तिसरी मात्र चिवट निघाली. ती मुंगी.

मुंगीचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं. अंगाने बारीक, कायम काहीतरी उचलून कुठेतरी नेणारी, वाटेत कुणी आडवं आलं तर वळसा घालून आपल्या कामाला जाणारी, म्हणून मुंगी. वडिलांचं चष्म्याचं दुकान. काचेला बोट लावणाऱ्याकडे कसं बघायचं हे ती पाळण्यातूनच शिकून आली होती. डोक्याला टोपी, तोंडाला फडकं, हातात मोजे. एकेक काच ती चाळीस मिनिटं धुवायची: आधी आम्ल, मग पाणी, मग पुन्हा पाणी, मग सुकवण. काचेवर वाकताना श्वास रोखून धरायची. मग काचेवर शंभर नॅनोमीटर उंचीचे चार खांब, त्यांच्यावर दुसरी काच, ती जोडी पोलादी डब्यात, डब्यातली हवा पंपाने बाहेर. सकाळी आठला पंप लावला की दुपारी चारला आकडा.

आकडा यायचा रेघेवर. दरवेळी रेघेवर. इतका नेमका, की परीक्षा जुन्या सूत्राची असती तर त्याला शंभरपैकी शंभर मिळाले असते. परीक्षा मुंगीची होती, म्हणून ती नापास.

"हात स्वच्छ नाहीत तुझे," सर म्हणायचे.

मग मुंगी चाळीसची पन्नास मिनिटं करायची.

प्रयोगशाळेतला तिसरा माणूस म्हणजे मिस्त्री. हे तीस वर्षं तिथे होते. डबा, पंप, तारा, नळ, सगळं त्यांच्या हाताखाली. काच डब्यात बसवायची ती त्यांनीच, आणि रजिस्टर लिहायचं तेही त्यांनीच. एका काचेला एक ओळ. तारीख, खांबांची उंची, काय केलं आणि आकडा. शब्द ते असे मोजून वापरत, की जणू दुकानातून आणावे लागतात. सर दर शनिवारी आठवड्याच्या पानांवर एकदम सह्या ठोकत. वाचत नसत. मिस्त्रींवर त्यांचा पूर्ण विश्वास होता आणि मिस्त्रींच्या अक्षरावर मुळीच नव्हता.

मिस्त्रींचं स्वतःचं एक मत होतं. मुंगी पहिल्या वर्षाला असताना ते त्यांनी तिला सांगितलंही होतं. "हे बघ बाळ, सरांच्या हाताला गुण आहे. काच एकदा त्यांच्याकडून पुसून घे. मग बघ." मुंगी हसली होती. म्हातारी माणसं डॉक्टरबद्दल बोलतात तसलं काहीतरी, असं तिला वाटलं, आणि ती आम्ल आणायला गेली.

त्या महिन्याच्या नऊ तारखेला दुपारी सव्वाचारला मुंगी सरांच्या खोलीत आली. टेबलासमोरच्या खुर्चीवर फायली होत्या, त्या तिने उचलल्या नाहीत. उभीच राहिली.

"रजिस्टरातली एकाहत्तरावी झाली, सर. माझी एकोणतिसावी."

"मग?"

"रेघेवर."

सर खिडकीबाहेर बघू लागले. "माशी कुठे शिंकते तेच कळत नाही."

"सर, एक विचारू? माझ्या काचा बरोबर आहेत असं समजा क्षणभर धरलं, तर…"

"तर?"

"तर काही नाही," मुंगी म्हणाली.

सरांना पुढे जे बोलायचं होतं ते ते दोन आठवडे पुढे ढकलत होते. आता ढकलायला तारखा उरल्या नव्हत्या. "एकतीसला तुझी मुदत संपते. वाढवून मिळाली तीही संपते. समितीने स्पष्ट लिहून दिलंय, सहावा ठिपका पुन्हा आला तरच प्रबंध घ्यायचा." समितीने हे सरांच्याच सांगण्यावरून लिहून दिलं होतं, आणि ते दोघांनाही ठाऊक होतं. "मी काय करू? नियम म्हणजे नियम."

"हो, सर. बाबांनी दुकानात काउंटर मोकळं करून ठेवलंय. फ्रेमा विकायला माणूस हवाच होता त्यांना."

तिने हे अगदी सरळपणे सांगितलं. पाच वर्षांत या पोरीने एक सुट्टी नीट घेतली नव्हती. सर मनाने वाईट नव्हते. ते फक्त बरोबर होते, आणि बरोबर असण्याला सहा वर्षं झाली की माणसाला त्याची सवय होते. वाईट वाटलं की सर चष्मा पुसत. त्यांनी चष्मा काढला, काचेवर तोंडाने 'हा' केलं, पँटच्या खिशातून रुमाल काढला, आधी मान पुसली आणि मग चष्मा पुसायला घेतला.

"सर, रुमालाने नका पुसू," मुंगीच्या तोंडून निघून गेलं. मग ती जरा ओशाळली. "बाबा गिऱ्हाइकांना रोज सांगतात. रुमालाला घाम असतो, डोक्याचं तेल असतं. पुसल्याने ते जात नाही. सगळीकडे सारखं पसरतं, म्हणून आपल्याला वाटतं की पुसलं गेलं."

"असं होय?" सर म्हणाले आणि चष्मा खिडकीकडे धरून बघू लागले.

काचेवर रंग दिसत होते. निळा, जांभळा, कडेला थोडा पिवळट. रस्त्यावर सांडलेल्या तेलावर दिसतात ते. पातळ थराचा रंग बघून थराची जाडी कशी सांगायची, हे सर पहिल्या वर्षाच्या मुलांना चौतीस वर्षं शिकवत आले होते. त्यामुळे त्यांना न विचारताच उत्तर मिळालं. थर शे-दीडशे नॅनोमीटरचा होता.

खांब शंभरचे होते.

सरांनी चष्मा खाली घेतला. मग परीक्षेत विचारावं तशा आवाजात म्हणाले, "तेल डब्यात गेलं तर पंपाने उडून जाईल?"

"पाणी उडेल, सर. तेल बसून राहील. पंपात तेलच तर घालतो आपण."

"आणि दोन काचांच्या मधे चार-दोन ठिकाणी असं तेल राहिलं तर?"

"तर पूल होतील. उष्णतेला उडी मारायची गरजच नाही, ती पुलावरून चालत जाईल. आकडा वर जाणार." मुंगीला बोलता बोलता हसू आलं. "पण असं कोण करील, सर? त्या काचेला उघड्या हाताने कोण शिवेल?"

"नाही, नाही. कोणी नाही," सर म्हणाले. "तू जा आता."

ती गेल्यावर सरांनी चष्मा घातला आणि तो न पुसता तसेच प्रयोगशाळेत गेले. मिस्त्री नळाला सुतळी बांधत होते.

"मिस्त्री, सहा वर्षांपूर्वीचं रजिस्टर कुठे आहे?"

मिस्त्रींनी सुतळीची गाठ पुरी केली, हात पुसले, कपाटातून रजिस्टर काढलं आणि काही न शोधता बरोबर तेच पान उघडून समोर ठेवलं. याचं सरांना नंतर फार वाईट वाटलं.

पानावर लिहिलं होतं: 'सहावी काच. खांब शंभर. पाहुणे आले. सरांनी पुसली. बसवली. चौपट.' खाली सरांची सही होती, शेपटीला दोन गिरक्या मारलेली. त्या दिवशी सर खुशीत असणार.

"हे काय आहे?" सरांनी विचारलं.

"त्या दिवशी संचालक पाहुणे घेऊन आले होते. त्यांना दाखवायला तुम्ही काच चिमट्यातून हातात घेतलीत. तिच्यावर डाग दिसला म्हणून 'हा' केलंत, पुसलीत आणि मला म्हणालात, 'बसवा.' मी बसवली."

"आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"बोललो ना. 'सर, ती…' इथपर्यंत बोललो. तुम्ही म्हणालात, 'मिस्त्री, पाहुण्यांसमोर मधे मधे बोलू नका.' म्हणून लिहून ठेवलं. तुम्ही सही केलीत."

"पाहुणे गेल्यावर तरी सांगायचं!"

"पाहुणे गेल्यावर आकडा आला. तुम्ही सगळ्यांना चहा पाजलात. माझ्या खांद्यावर हात टाकलात. त्या वेळी काय सांगणार?"

सर स्टुलावर बसले. "आणि त्यानंतर सहा वर्षं? ही पोरगी जीव टाकून मरतेय समोर, तेव्हा?"

मिस्त्रींनी पहिल्यांदाच थोडा विचार केला. "मला काय ठाऊक, सर, की पुसणं ही चूक आहे? तुम्ही पुसलीत आणि आकडा आला. मी समजलो, पुसायचीच पद्धत असेल. हिला सांगितलं होतं मी, सरांकडून पुसून घे म्हणून. ऐकेल तर शपथ. तुमची शिकलेली माणसं आमचं ऐकत नाहीत, सर."

एकाहत्तर काचा धुऊन झाल्या होत्या, जगभर पत्रं जाऊन आली होती, आणि उत्तर इथे कपाटात, सरांच्याच सहीच्या डोक्यावर बसलेलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. सरांनी रजिस्टर काखेत मारलं आणि घरी निघाले. इमारतीतून बाहेर पडताना त्यांनी भिंतीकडे बघायचं टाळलं.

सरांच्या बायकोने बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं होतं. चेहरा बघून उत्तर चुकलंय की बरोबर आलंय हे ती वहीच्या आधी सांगत असे. सर घरी येऊन रजिस्टर उघडून बसले, चहा निवला, तरी पान उलटलं नाही, तेव्हा ती समोर येऊन बसली.

"काय झालंय?"

"रुमाल," सर म्हणाले.

सगळं सांगायला दहा मिनिटं लागली. शेवटी बायको म्हणाली, "पस्तीस वर्षं सांगतेय, अहो, डोक्याला तेल जरा कमी लावा. उशांचे अभ्रे गेले, रुमाल गेले. आता काच गेली."

"चेष्टा करू नकोस."

"मी कुठे करतेय? त्या पोरीला सांगितलंत का?"

"नाही अजून. मी विचार करतोय." आणि विचार तर सरांनी खरोखरच केला होता, येताना वाटेतच, आणि तो त्यांना चांगला वाटला होता. "मी समितीला सांगतो, अट काढून टाका. सहावा ठिपका नको. तिच्या एकोणतीस काचांवर तिला डिग्री देऊन टाका. पोरीचं भलं होईल. कुणाचंच काही बिघडणार नाही."

"आणि ठिपका?"

"ठिपका काय, आहे तिथे राहील. माझी निवृत्ती आठ महिन्यांवर आली."

"म्हणजे तिच्या प्रबंधात काय लिहिलेलं असेल? की सरांना जमलं ते हिला जमलं नाही, पण बिचारीने कष्ट केले म्हणून पास केली?" बायकोने निवलेल्या चहाचा कप बाजूला सरकवला. "तिने बरोबर मोजलंय. ते कुठे लिहायचं?"

सरांनी पानाकडे बघितलं. जुनं पान होतं, शिवणीजवळ जरा सुटं झालेलं. एवढं हलक्या हाताने ओढलं असतं तर निघून आलं असतं. सरांनी ते ओढलं नाही. पण बघत होते, आणि बायकोने ते बघणं बघितलं.

"माझ्या वर्गात खोडरबर आणायला बंदी होती," ती म्हणाली. "चुकलं तर चुकू दे. चूक तशीच ठेवायची, शेजारी बरोबर उत्तर लिहायचं आणि तारीख घालायची. सात-सात वर्षांची पोरं करायची."

"ती पोरं होती. त्यांचं कुणी पितळेत ओतलं नव्हतं."

"मग ओतणाऱ्यांना आधी सांगायचं."

सर रडले नाहीत, पण त्यांना भीती वाटली, आणि ती त्यांनी लपवली नाही. "लोक हसतील गं. नऊ देशांत हसतील. चौतीस वर्षं मी पातळ थर शिकवतो आणि मलाच माझा थर दिसला नाही."

"हसतील," बायको म्हणाली. तिने खोटा दिलासा दिला नाही. मग तिने सरांच्या हातावर हात ठेवला.

जेवणं झाल्यावर सरांनी विचारलं, "न धुतलेला रुमाल आहे का एखादा माझा?"

"आज खिशातला आहे तोच की. या घरात न धुतलेला रुमाल मागणारे तुम्ही पहिले," असं म्हणून तिने एक प्लास्टिकची पिशवी आणून दिली.

सकाळी पावणेआठला सर प्रयोगशाळेत आले तेव्हा बहात्तरावी काच धुऊन तयार होती. मुंगीला एकतीस तारखेपर्यंतच्या काचा करायच्याच होत्या. उपयोग नसला तरी काम अर्धं टाकायचं नाही, एवढंच तिचं तत्त्व होतं.

"दे इकडे," सर म्हणाले.

"सर, मोजे…"

सरांनी चिमटा बाजूला ठेवला. काच दोन बोटांत धरली, तोंडासमोर नेली आणि तिच्यावर मनापासून 'हा' केलं. मग पिशवीतून रुमाल काढला आणि मधून कडेकडे असे गोल फिरवून ती चांगली पुसली.

"अगं आई गं," मुंगी म्हणाली. ती काच तिने पन्नास मिनिटं धुतली होती.

मिस्त्रींनी शांतपणे पेन उघडलं.

"बसवा," सर म्हणाले.

मुंगीला काय चाललंय ते कळायला पंप सुरू होईपर्यंतचा वेळ लागला. कालचं बोलणं तिला आठवलं, मग चष्मा, मग मिस्त्रीकाकांनी सांगितलेला सरांच्या हाताचा गुण. तिने सरांकडे बघितलं. सर डब्याकडे बघत होते.

"आधी आकडा येऊ दे," ते म्हणाले. "मग बोल काय बोलायचं ते."

आठ तास तिघांनी फार काही केलं नाही. मिस्त्रींनी दोनदा चहा केला. सरांनी एकही तास घेतला नाही. सरांच्या मनात काय चाललं होतं ते सांगायला हवं. आकडा रेघेवर येवो, अशी ते प्रार्थना करत होते. रेघेवर आला, तर रुमालाचा काही दोष नाही. सहावी काच पुन्हा कोडं होईल, आणि कोडं सरांचंच राहील. सहावीनंतरच्या प्रत्येक काचेला त्यांनी आकडा वर जावा म्हणून देव पाण्यात घातले होते. बहात्तरावीला तो खाली राहावा म्हणून घातले.

चारला पाच मिनिटं असताना पडद्यावर रेघ उमटली. चारला आकडा ठरला. तीन पूर्णांक आठ पट.

"आला!" सर ओरडले. "अगं, आला!" आणि एक क्षणभर, अगदी एकच क्षण, ते खरोखर आनंदाने उभे राहिले. सहा वर्षं वाट बघितलेला पाहुणा दारात यावा तसा तो आकडा समोर होता. मग दारात कोण आलंय हे त्यांच्या ध्यानात आलं आणि ते खाली बसले.

मुंगी उभीच होती.

"पाच वर्षं, सर," ती म्हणाली.

"हो."

"तुम्ही मला म्हणायचात, हात स्वच्छ नाहीत तुझे."

"म्हणायचो."

"मी घरी जाऊन रडायचे. हात घासायचे. बाबा विचारायचे, अगं काय झालंय तुझ्या हातांना." तिचा आवाज चढला. पाच वर्षांत ती सरांसमोर एकदाही मोठ्याने बोलली नव्हती. आता बोलली आणि सरांनी ऐकून घेतलं.

"तुझे हात स्वच्छ होते," सर म्हणाले. "माझेच नव्हते. माफ कर म्हणण्यापुरतं हे लहान नाही, पण तरी म्हणतो. माफ कर मला."

मुंगीने बाहीने डोळे पुसले. मग तिने नाक ओढलं आणि स्टूल ओढून बसली. "मग प्रबंधात काय लिहू?"

"एकोणतीस काचा बरोबर. एकोणतिसाच्या एकोणतीस. मी आज समितीला पत्र लिहितो आणि जिथे छापलं तिथेही लिहितो, की ते मागे घ्या. अट गेली. आणि शेवटच्या प्रकरणात ही काच घाल. आकडा का वर जातो ते लिही. ते कुणीच लिहिलेलं नाही अजून."

"कुणी पुसली, तेही लिहू?"

"पद्धत म्हटली की सगळंच लिहावं लागतं," ते म्हणाले. "नाहीतर पुढच्याला पुन्हा तो आकडा कसा येणार?"

"सर, शिडी आणू का?" मिस्त्रींनी विचारलं. भिंतीबद्दल ते म्हणत होते.

"आधी पत्र जाऊ द्या. आणि बेकरीवाल्याला मीच सांगतो."

मिस्त्रींनी मान हलवली आणि नेहमीच्या सवयीने रजिस्टर उघडून सरांसमोर सरकवलं. त्या दिवशी शनिवार नव्हता. सरांनी पेन घेतलं. मग ते थांबले आणि त्यांनी चष्मा काढला. हात आपसूक खिशाकडे गेला, पण खिशात रुमाल नव्हता. मुंगीने आपल्या खिशातून मऊ कापडाचा चौकोनी तुकडा काढला. त्याच्या कोपऱ्यावर तिच्या वडिलांच्या दुकानाचं नाव छापलेलं होतं. तिने तो पुढे केला. सरांनी चष्मा पुसला आणि डोळ्यांवर चढवला. मिस्त्रींचं अक्षर खरं म्हणजे अगदीच वाईट नव्हतं.

'बहात्तरावी काच. खांब शंभर. सरांनी पुसली. बसवली. तीन पूर्णांक आठ पट.'

सरांनी ते दोनदा वाचलं. 'सरांनी पुसली' याच्या पुढे त्यांनी बारीक अक्षरांत 'उघड्या हाताने, स्वतःच्या न धुतलेल्या रुमालाने' असं घातलं आणि सही केली. मग घरून परत आणलेलं सहा वर्षांपूर्वीचं रजिस्टर काढलं, शिवणीजवळ सुटं झालेलं पान जपून उघडलं, तिथेही तेच शब्द लिहिले, शेजारी आजची तारीख घातली आणि गिरक्या न मारता पुन्हा एकदा सही केली.